वजनांच्या व्यायामानंतर आंबलेल्या दंडांना आणि खांद्यांना ताण कसा द्यावा

वजने उचलण्याचा व्यायाम केला त्या दिवशी हात थकलेले असतात, पण फारसे दुखत नाहीत. दुखणे खऱ्या अर्थाने जाणवते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा केस विंचरायला हात वर जात नाही, सदरा डोक्यावरून काढताना खांदा मध्येच अडतो आणि बायसेप्सचे, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचे, सेट जास्त झाले असतील तर कोपर सरळही होत नाही. अशा वेळी बहुतेक जण दुखरा हात दुसऱ्या हाताने पकडतात आणि दात-ओठ खाऊन ओढतात. दुखणाऱ्या स्नायूला ताण द्यायला हरकत नाही. मात्र तो कधी, किती आणि कोणत्या दिशेने द्यायचा हे ठाऊक नसेल, तर काही दिवसांत थांबणारे दुखणे आणखी रेंगाळू शकते.

हात नेमके कशाने आंबतात

व्यायामात लॅक्टिक ॲसिड साठते आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी हात दुखतात, ही समजूत जिममध्ये अजूनही घट्ट रुजलेली आहे. वस्तुतः व्यायामात वाढलेले लॅक्टेटचे (शरीरात हे ॲसिड ज्या रूपात असते त्याचे) प्रमाण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्ववत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. थिओडोर हाफ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच असे मांडले होते की हे उशिरा येणारे दुखणे स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक फाटाफुटीशी जोडलेले असावे. आज आपल्याला इतके माहीत आहे की सवयीपेक्षा जास्त भार पडल्यावर स्नायुतंतूंच्या सूक्ष्म रचनेत बिघाड होतो, त्याच्या दुरुस्तीसाठी शरीर तिथे दाह निर्माण करते आणि त्या भागातल्या संवेदना काही दिवस जास्त तीव्र होतात. हे दुखणे साधारणपणे १२ ते २४ तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरते.

यात वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली सोडण्याचा वाटा मोठा असतो, कारण त्या वेळी स्नायू आवळलेला असतानाच लांबत असतो. डंबेल वर नेताना लागणारा जोर सर्वांच्या लक्षात येतो. पण दुसऱ्या दिवशी हात आंबतो तो मुख्यतः ते खाली आणताना रोखून धरल्याने. ताण देणे म्हणजेही स्नायू लांबवणे, आणि नुकत्याच लांबवल्यामुळे दुखावलेल्या स्नायूला पुन्हा जोराने लांबवणे अंगाशी का येते, हे यावरून समजावे.

ताण देण्याने काय साधते आणि काय साधत नाही

इथे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ताण दिल्याने आंबलेपण लवकर जात नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १२ अभ्यास एकत्र तपासले गेले होते. १०० गुणांच्या मोजपट्टीवर व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात पडलेला सरासरी फरक एखाद्या गुणाच्या आसपास होता. दोन हजारांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या त्यातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासातही आठवडाभरातल्या सर्वांत तीव्र दुखण्यात पडलेला फरक सुमारे चार गुणांचाच निघाला. एवढा फरक रोजच्या जगण्यात जाणवतही नाही.

मग ताण द्यायचाच कशाला? आंबलेला स्नायू आखडतो, आपण तो दुखतो म्हणून हलवत नाही आणि न हलवल्याने तो आणखी आखडतो. हे चक्र तोडायला हलका ताण उपयोगी पडतो. ताण धरलेला असताना आणि त्यानंतर काही काळ बहुतेकांना बरे वाटते, खांद्याची आणि कोपराची हालचाल पुन्हा मोकळी होते, आणि कोणता भाग किती दुखतो आहे याचा रोजच्या रोज अंदाज येतो. एवढ्याच अपेक्षेने ताण दिला तर तो आपोआप हलक्या हाताने दिला जातो. दुखणे घालवायच्या जिद्दीने दिलेला ताण नेहमी जास्त होतो.

आधी दुखणे ओळखावे

आंबलेपण बोथट असते आणि स्नायूच्या मधल्या मांसल भागात पसरलेले असते. दोन्ही हातांनी सारखा व्यायाम केला असेल तर ते थोड्याफार फरकाने दोन्हीकडे असते, दाबल्यावर जास्त जाणवते आणि हात थोडा हलवत राहिल्यावर कमी होते. याउलट वजन उचलतानाच आलेली तीव्र चमक, ‘कट’ असा आवाज, बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवरचे दुखणे, लगेच आलेली सूज किंवा काळेनिळेपण ही दुखापतीची लक्षणे आहेत. दंडाच्या पुढच्या भागात अचानक गोळा येऊन स्नायूचा आकारच बदललेला दिसला, तर बायसेप्सची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) तुटलेली असू शकते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा हात बाजूने वर उचलताना ताकदच लागत नसेल, तर खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार लहान स्नायूंची किंवा त्यांच्या कंडरांची तक्रार असू शकते. अशा कोणत्याही लक्षणात ताण देऊ नये. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

दोन गोष्टींत तर थांबूच नये. दंड खूप सुजले, दुखणे अवाच्या सवा वाढले आणि लघवी चहासारखी गडद होऊ लागली, तर स्नायूंची मोठ्या प्रमाणावर मोडतोड होऊन त्याचा भार मूत्रपिंडांवर पडत असण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तसेच हाताच्या किंवा खांद्याच्या दुखण्यासोबत छातीवर दडपण, दम लागणे, घाम फुटणे किंवा मळमळ असेल, तर कालच्या व्यायामाचे निमित्त पुढे करून वेळ घालवू नये.

ताण देण्यापूर्वी स्नायू गरम करावेत

सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, थंड आणि आखडलेल्या स्थितीत हात ताणू नयेत. आधी पाच ते दहा मिनिटे हात मोकळे सोडून चालावे. मग खांदे कानांकडे उचलून सावकाश खाली सोडावेत, पुढून मागे गोल फिरवावेत, आणि हात आधी लहान व नंतर मोठ्या वर्तुळात फिरवावेत. कोपरे दहा-पंधरा वेळा दुमडून सरळ करावीत. सूज नसेल तर गरम पाण्याने अंघोळ किंवा दहा-पंधरा मिनिटांचा शेकही चालतो, आणि माझ्या मते ताण देण्याची सर्वांत सोयीची वेळ अंघोळीनंतरचीच असते.

पुढे सांगितलेल्या सर्व प्रकारांना काही नियम सारखेच लागू आहेत. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मनात मोजपट्टी धरली तर ताण तीनच्या पुढे जाऊ नये. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. त्या जागी २० ते ३० सेकंद थांबावे, हात सावकाश मोकळा करावा आणि दोन-तीन वेळा पुन्हा करावे. एका स्नायूला एकूण मिनिटभर ताण मिळाला तरी तो पुरेसा आहे. हिसके किंवा झोके देऊ नयेत. श्वास रोखला जात असेल, किंवा चेहरा आक्रसला जात असेल, तर ताण जास्त झाला आहे असे समजावे आणि थोडे मागे यावे. लांब सोडलेल्या श्वासाबरोबर स्नायू किंचित सैल पडतो. पुढे सरकायचे असेल तर त्याच क्षणी, आणि तेही बोटभरच सरकावे.

दंडाचा पुढचा भाग: बायसेप्स

सर्वांत जास्त छळणारा आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने ताणला जाणारा स्नायू हाच आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. बायसेप्स खांद्यापासून निघतो, कोपर ओलांडतो आणि पंजाच्या अंगठ्याकडच्या बाजूला असलेल्या हाताच्या हाडावर, कोपराच्या थोडे खाली जाऊन चिकटतो. तो कोपर दुमडतो, खांदा पुढे उचलायला मदत करतो आणि तळहात वरच्या बाजूला वळवतो. त्यामुळे त्याला पूर्ण ताण द्यायचा तर तिन्ही गोष्टी उलट कराव्या लागतात: हात मागे न्यावा लागतो, कोपर सरळ ठेवावे लागते आणि पंजा उलट्या दिशेने फिरवावा लागतो. केवळ कोपर दाबून सरळ केल्याने स्नायूपेक्षा सांध्यालाच जास्त त्रास होतो.

कंबरेपेक्षा थोड्या खालच्या उंचीच्या टेबलाकडे पाठ करून, त्यापासून पाऊलभर पुढे उभे राहावे. एक हात मागे नेऊन पंजाची पाठ टेबलावर टेकवावी, म्हणजे तळहात वरच्या दिशेला येईल. कोपर सरळ, छाती ताठ आणि खांदा मागे-खाली ठेवावा. खांदा पुढे गळू दिला तर ताण बायसेप्समधून निसटतो आणि सांध्याच्या पुढच्या बाजूवर येतो. आता गुडघे थोडे वाकवून शरीर सरळ खाली न्यावे. दंडाच्या पुढच्या भागात, कोपराच्या वरच्या बाजूपासून खांद्याकडे जाणारी ओढ जाणवली की थांबावे. गुडघे किती वाकवायचे हे पूर्णपणे आपल्या हातात असल्याने ताण केसभर कमी-जास्त करता येतो, आणि म्हणूनच भिंतीला हात लावून अंग पिळण्याच्या प्रचलित पद्धतीपेक्षा ही पद्धत मला आंबलेल्या हातासाठी जास्त बरी वाटते.

दुसऱ्या दिवशी कोपर सरळच होत नसेल, तर हा ताण त्या दिवशी देऊ नये. खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवावा, दंडाचा मागचा स्नायू हलकेच आवळून कोपर त्याच्याच ताकदीने जितके सरळ होईल तितके करावे, दोन सेकंद थांबावे आणि सोडावे. मागचा स्नायू आवळला की पुढचा सैल पडतो, ही शरीराची आपली सोय आहे. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-बारा वेळा एवढे केले तरी पुरे. दुसऱ्या हाताने मनगट दाबून कोपर सरळ करायचा मोह मात्र टाळावा.

दंडाचा मागचा भाग: ट्रायसेप्स

ट्रायसेप्सच्या तीन भागांपैकी लांब भाग खांद्याचा सांधा ओलांडतो, म्हणून नुसते कोपर दुमडून त्याला पुरेसा ताण मिळत नाही. हात वरही न्यावा लागतो. ताठ बसून किंवा उभे राहून हात डोक्याच्या बाजूने वर न्यावा आणि कोपर दुमडून पंजा मानेच्या खाली, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध टेकवावा. दुसऱ्या हाताने कोपराला हलका आधार देऊन ते किंचित मागे आणि डोक्याकडे न्यावे. पंजा ढकलत ढकलत पाठीवर आणखी खाली नेण्याला फारसा अर्थ नाही. पाठीचा कणा मागे कमानीसारखा वाकू लागला किंवा फासळ्या पुढे उचलल्या गेल्या, तर हात वर जातो आहे असे वाटते खरे, पण ती हालचाल कंबरेतून आलेली असते. पोट हलकेच आत घेऊन बसल्यास हा फसवा भाग निघून जातो.

हात वर नेतानाच खांद्याच्या टोकावर चिमटा बसल्यासारखे वाटत असेल, तर भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, दुमडलेले कोपर खांद्याच्या जरा वर भिंतीवर टेकवावे आणि अंग हळूहळू पुढे झुकवावे. यात कोपर किती उंच ठेवायचे ते ठरवता येते.

खांद्याचा पुढचा भाग आणि छाती

बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे) किंवा दंड-जोर यांनंतर खांद्याच्या पुढच्या बाजूला जे दुखते, त्यात छातीच्या मोठ्या स्नायूचाही वाटा असतो, कारण तो दंडाच्या हाडाला येऊन मिळतो. दाराच्या चौकटीत उभे राहून एका हाताचे कोपर काटकोनात दुमडावे आणि कोपरापासून पंजापर्यंतचा भाग चौकटीला टेकवावा. त्याच बाजूचे पाऊल पुढे टाकून छाती चौकटीच्या पुढे न्यावी. हात मागे ढकलायचा नसतो, शरीर पुढे जायचे असते. कोपर खांद्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवले तर छातीच्या वरच्या तंतूंना, आणि पातळीच्या वर ठेवले तर खालच्या तंतूंना जास्त ताण मिळतो. सुरुवात खालच्या पातळीपासून करावी. ओढ छातीत किंवा खांद्याच्या मांसल भागात जाणवली पाहिजे. सांध्याच्या आत, खोलवर दुखले तर कोपर आणखी खाली घ्यावे आणि तरीही दुखत राहिले तर हा प्रकार सोडून द्यावा. ज्यांचा खांदा पूर्वी एकदा जरी निखळला असेल, त्यांनी हा ताण फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय देऊच नये, कारण हात बाजूला आणि मागे वळलेली हीच स्थिती खांदा पुढच्या बाजूला निखळायला अनुकूल असते.

फक्त खांद्याच्या पुढच्या स्नायूसाठी याहून सोपी सोय टॉवेलची आहे. टॉवेलची दोन टोके पाठीमागे दोन्ही हातांत धरावीत, कोपरे सरळ ठेवून खवाटे एकमेकांकडे ओढावेत आणि हात शरीरापासून थोडे मागे उचलावेत. पंजे एकमेकांत गुंफण्यापेक्षा टॉवेल बरा, कारण आखडलेल्या खांद्यांना त्यात ऐसपैस अंतर मिळते.

खांद्याचा मागचा आणि बाजूचा भाग

छातीसमोरून हात आडवा ओढण्याचा प्रकार सर्वांना ठाऊक असतो, पण तो करताना सहसा खवाटाच हाताबरोबर पुढे सरकतो आणि खांद्याच्या मागच्या स्नायूला काहीच मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे ज्या बाजूला ताण द्यायचा त्या खवाट्याची बाहेरची कड भिंतीला टेकवून उभे राहणे. खवाटा असा अडकवला की हात छातीसमोर आणावा, दुसऱ्या हाताने कोपराच्या जरा वर, दंडाला धरावे आणि हलकेच आत ओढावे. कोपरावरच पकडून ओढू नये. खांदा कानाकडे चढू देऊ नये. पुढच्या बाजूला चिमटा जाणवला तर हात खांद्याच्या पातळीवरून थोडा खाली घ्यावा. बहुतेक वेळा तेवढ्याने तो जातो.

बाजूच्या स्नायूला वेगळा ताण देणे अवघड असते. हात पाठीमागे कंबरेशी न्यावा आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून विरुद्ध बाजूला हलकेच ओढावे, एवढे पुरे.

पाठीचे पंख, हाताचा पुढचा भाग आणि मान

पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणे) किंवा रोइंग (वजन स्वतःकडे ओढणे) यांनंतर काखेच्या मागे जे ठणकते ते पाठीच्या रुंद स्नायूचे दुखणे असते. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून, अंगठे वर ठेवून, मागे सरकत कंबरेतून वाकावे आणि छाती जमिनीकडे सोडावी. कंबर एका बाजूला किंचित झुकवली तर विरुद्ध काखेतली ओढ वाढते.

घट्ट पकडीच्या व्यायामांनी कोपर ते मनगट हा भागही आंबतो. कोपर सरळ ठेवून तळहात वर करावा आणि दुसऱ्या हाताने बोटे खाली व स्वतःकडे ओढावीत. मग तळहात खाली करून पंजा मनगटातून खाली वाकवावा. या ताणात बोटांना मुंग्या आल्या तर स्नायूऐवजी नस ओढली जात आहे असे समजावे आणि कोपर थोडे दुमडून ओढ कमी करावी. मुंग्या ताण सोडल्यावरही राहिल्या, तर ती तपासून घेण्याची गोष्ट आहे.

जड डंबेल धरून उभे राहण्याने किंवा खांदे उचलण्याच्या व्यायामाने मान आणि खांदा यांच्या मधला भाग आखडतो. खुर्चीत बसून एका हाताने बैठकीची कड धरावी आणि कान विरुद्ध खांद्याकडे न्यावा. डोक्यावर हात ठेवून ते दाबण्याची गरज नसते, डोक्याचे वजनच पुरेसे होते.

कोणत्या दिवशी किती

व्यायाम संपल्यावर लगेच, अंग गरम असताना, वर दिलेल्यांपैकी त्या दिवशी वापरलेल्या स्नायूंचे दोन-तीन प्रकार एकेकदाच करावेत. दुसऱ्या दिवशी ताणापेक्षा हालचालीवर भर द्यावा: चालणे, हात फिरवणे, हलक्या हाताने चोळणे, आणि ताण द्यायचाच तर मोजपट्टीवर दोनच्या आत. बहुतेकांचे दुखणे तिसऱ्या दिवसापासून उतरणीला लागते. तेव्हा २० ते ३० सेकंदांचे ताण दिवसातून एक-दोनदा नियमाने द्यावेत. ताण दिल्यानंतर तासाभराने हात आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी निम्म्यावर यावे. आठवड्यानंतरही दुखणे तसेच असेल, किंवा एकाच बाजूला राहिले असेल, तर ते आंबलेपण नव्हे असे धरून चालावे.

दुखणे दाबण्यासाठी वेदनाशामक गोळी घेऊन त्याच भरात जोरदार ताण देणे किंवा पुन्हा वजने उचलणे योग्य नाही, कारण कुठे थांबायचे हे सांगणारी जाणीवच त्या वेळी बोथट झालेली असते.

पुन्हा वजनांकडे

थोडे आंबलेपण शिल्लक असताना व्यायाम करायला हरकत नाही, पण हात पूर्ण वर जातो का, कोपर पूर्ण सरळ होते का आणि पकड नेहमीसारखी लागते का, हे आधी पाहावे. यातले काही अडत असेल तर त्या दिवशी पायांचा व्यायाम करावा. हात मोकळे असतील तर नेहमीच्या निम्म्या वजनाने सुरुवात करावी आणि वजन खाली सोडतानाचा वेग ताब्यात ठेवावा. जड सेटच्या अगदी आधी त्याच स्नायूला मिनिटाहून अधिक वेळ स्थिर ताण देऊ नये, त्याने ताकद तात्पुरती थोडी घटते. तेव्हा हात फिरवून आणि हलके वजन घेऊनच अंग गरम करावे. दिलासा देणारी गोष्ट अशी की एकदा एखाद्या व्यायामाने हात आंबले, की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम तेवढ्याच भाराने केला तरी दुखणे पहिल्यापेक्षा बरेच कमी होते. नवा व्यायाम सुरू करताना पहिल्या दिवशी एक-दोनच सेट करून थांबण्याचा सल्ला याचसाठी देतात.